‘नावावर करणे’ : आईबापांकडून घेतलेल्या घराच्या दस्ताची भाषा

१

ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर आणि निवाडपत्रे यांच्या भाषेकडे मराठीच्या अभ्यासकांनी जेवढे लक्ष पुरविले, तेवढे आजच्या खरेदीखताकडे पुरविलेले दिसत नाही. जुना दस्त इतिहासाचे साधन ठरतो. चालू दस्त मात्र वकिलाचा व दस्तलेखकाचा विषय मानून आपण बाजूला सारतो. वस्तुतः सामान्य मराठी कुटुंब आयुष्यात ज्या थोड्या गद्यलेखनावर सही करते, त्यांत राहत्या घराचा दस्त हा सर्वांत महत्त्वाचा होय. कवितेतील शब्द चुकला तर रसहानी होते. दस्तातील शब्द चुकला तर कर पडतो, भावंडांत वितुष्ट येते, प्रसंगी घरही जाते. ज्या लेखनातील शब्दांचे परिणाम इतके प्रत्यक्ष आहेत, त्याची चिकित्सा टीकेच्या कक्षेबाहेरची समजण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखाचे निमित्त घरगुती आहे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर लोणंद हे गाव आहे. कांद्याच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे, आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की तिचा मुक्काम तेथे पडतो. त्या गावातील आमचे राहते घर वडिलांनी स्वकमाईने बांधलेले. २०२४ च्या अखेरीस ते धाकट्या भावाच्या नावावर करावयाचे ठरले. भाऊ तेथेच राहतो, आईवडिलांना तोच पाहतो. त्याने पदरचे काही पैसे द्यावेत, ते वडिलांच्या उतारवयास उपयोगी पडावेत, आणि बाकीचे वडिलांनी सोडून द्यावे, असे सर्वांच्या विचाराने ठरले. रकमा हिशेबाच्या सोयीसाठी गोल करून सांगतो. सरकारी दराने घराचे मूल्य ४० लाख रुपये येत होते. ठरलेली किंमत १५ लाख होती.

थोरला मुलगा म्हणून मी साक्षीदार होतो. दस्त वाचून दाखविताना एक वाक्य आले : सदर मिळकतीची आजच्या चालू बाजारभावाप्रमाणे योग्य व वाजवी किंमत १५ लाख रुपये ठरली आहे. वडिलांनी हात वर करून विचारले, “हे तर खरे नाही. बाजारात पंधराला कोण देईल?” दस्तलेखक सौम्यपणे म्हणाले, “अप्पा, असंच लिहायचं असतं.” सही झाली. पुढील वर्षी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावयाची वेळ आली तेव्हा, जे २५ लाख वडिलांनी कधी घेतलेच नाहीत त्यांवरही कर त्यांनाच द्यावा लागेल, हे समजले.

हा कर दस्तातील त्या एका वाक्यामुळे लागला असे मला म्हणावयाचे नाही. कायद्याच्या मांडणीमुळे तो लागला, आणि ती मांडणी पुढे सांगितली आहे. मात्र त्या वाक्यामुळे दुसरे काही घडले. एका सत्यवचनी माणसाने आपल्या सहीखाली असत्य लिहून दिले, आणि व्यवहाराचे खरे स्वरूप ज्या कागदावर नोंदले जावयास हवे होते तेथूनच ते नाहीसे झाले. ते का झाले, हा भाषेचा प्रश्न आहे.

२

आपल्या घरांत अशा व्यवहाराला कोणते क्रियापद वापरतात? ‘मी मुलाला घर विकले’ असे बाप सहसा म्हणत नाही. त्याला त्यात कमीपणा वाटतो. ‘मी मुलाला घर बक्षीस दिले’ असेही तो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘घर मुलाच्या नावावर केले.’ मराठी कुटुंबाचा हाच खरा शब्दप्रयोग आहे, आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे.

‘विकणे’ या क्रियापदाच्या अर्थातच किंमत अनुस्यूत असते. म्हणून ‘केवढ्याला विकले?’ हा प्रश्न स्वाभाविक वाटतो. ‘केवढ्याला नावावर केले?’ हा प्रश्न मात्र मराठी कानाला खटकतो. ‘पैसे घेऊन नावावर केले’ असे म्हणता येते. पण तेथे पैसे ही बाहेरून जोडलेली बाब आहे, क्रियेचा घटक नव्हे. ‘नावावर करणे’ हा प्रयोग फक्त परिणाम सांगतो. तो परिणाम विक्रीने झाला, दानाने झाला की दोहोंच्या मिश्रणाने झाला, याविषयी तो मौन पाळतो.

‘देणे’ या क्रियापदाची गंमत याहून सूक्ष्म आहे. लोणंदच्या बाजारात ‘कांदा कसा दिला?’ असे विचारले, तर तो भावाचा प्रश्न असतो. त्याच गावच्या ओसरीवर ‘घर कोणाला दिले?’ असे विचारले, तर तो वारसाचा प्रश्न असतो. क्रियापद एकच, पण बाजारात प्रश्न ‘कसा’ने होतो, घरात ‘कोणाला’ने. घेण्याच्या बाजूसही हेच दिसते. खरेदीच्या क्रियेला मराठीत रूढ, साधे, एकपदी क्रियापद नाही. ‘विकत घेणे’ म्हणजे ‘विकणे’च्याच धातुसाधिताला ‘घेणे’ जोडून केलेली रचना, आणि ‘खरेदी’ हा तर फारसी शब्द. एरवी आपण नुसते ‘घर घेतले’ म्हणतो. तात्पर्य, आपली घरगुती भाषा देण्याघेण्याचा एक अखंड पट मानते. त्याच्या एका टोकाला शुद्ध दान आहे, दुसऱ्या टोकाला शुद्ध विक्री. आणि आईबापांचे व्यवहार बहुधा मध्ये कोठेतरी होतात.

कायदा असा पट मानीत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५४ व्या कलमानुसार किमतीच्या बदल्यात केलेले मालकीचे हस्तांतरण म्हणजे विक्री. १२२ व्या कलमानुसार स्वेच्छेने, विनामोबदला केलेले व घेणाऱ्याने स्वीकारलेले हस्तांतरण म्हणजे बक्षीस. किंमत असेल तर विक्री, नसेल तर बक्षीस. थोडी किंमत आणि बाकी माया, अशा मिश्र व्यवहाराला स्वतंत्र नाव नाही. दस्तलेखकाच्या कपाटातही त्यामुळे दोनच मसुदे असतात.

३

त्यांतील पहिल्या मसुद्याचे नाव ‘कायम खूषखरेदीखत’. त्याची भाषा जुन्या दप्तरातून थेट उतरलेली आहे. पक्षकारांना त्यात ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ म्हणतात. आजच्या बोलीत ‘देणार’ हे भविष्यकाळाचे रूप भासते. दस्तात मात्र त्याचा जुना कर्तृवाचक अर्थ टिकून आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’, ‘भरून पावलो’, ‘वालीवारस’, ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असे फारसी, संस्कृत आणि देशी थर एकाच परिच्छेदात शेजारी नांदतात. राज्यव्यवहारकोशाच्या काळापासून आपण राज्यकारभाराची भाषा वारंवार धुऊन काढली. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली, राजभाषा अधिनियम १९६४ चा. तरीही हा मसुदा मोठ्या प्रमाणात जुनाच राहिला. त्यात दोष नाही. साचेबंदपणा हा दस्ताचा गुण आहे, कारण परिचित शब्दांचा अर्थ न्यायालयांत ठरून गेलेला असतो.

तथापि साचा जेथे वस्तुस्थिती सांगण्याचे काम करतो, तेथे त्याची परीक्षा केली पाहिजे. ‘कोणाचेही दडपण नसता, राजीखुषीने’ हे शब्द संमती सांगतात. ‘रक्कम भरून पावलो’ हे पावती देतात. ‘बाजारभावाप्रमाणे योग्य व वाजवी किंमत’ हे शब्द कोणते काम करतात? परक्या माणसांच्या व्यवहारात त्यांचा उपयोग असा की पुढे विकणाऱ्याने ‘मला फसविले’ असे म्हणू नये. १८७२ च्या करार अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. पण संमती खरोखर मोकळी होती काय, हे ठरविताना अपुरेपणा विचारात घेता येतो. त्या शंकेवर उतारा म्हणून हे वाक्य येते. मायलेकांच्या किंवा बापलेकांच्या व्यवहारात किंमत कमी असण्याचे कारण फसवणूक नसते, नाते असते. आणि ते सांगण्यासारखे असते. साचा मात्र नाते सांगण्याऐवजी किंमतच योग्य असल्याचे सांगून मोकळा होतो.

येथे शब्दांचा एक घोटाळा दडलेला आहे. ‘किंमत’ हा अरबी मूळचा शब्द, ‘मूल्य’ हा संस्कृत, ‘मोल’ हा त्याचाच तद्भव, ‘मोबदला’ हा पुन्हा अरबी, अदलाबदलीच्या धातूवरून आलेला. परिभाषेत मोबदल्याला ‘प्रतिफल’ म्हणतात. बोलीत आपण हे शब्द एकमेकांऐवजी वापरतो. पण मोबदला म्हणजे दिलेल्या वस्तूच्या बदली प्रत्यक्ष आले ते. मूल्य म्हणजे वस्तूच्या ठायी जे आहे असे मानले जाते ते. मोबदला ही घटना आहे, मूल्य हे अनुमान आहे. बाजारात दोन्ही बहुधा जुळतात, म्हणून एकच शब्द पुरतो. घरात ती जुळत नाहीत, आणि एक शब्द अपुरा पडतो.

४

आता राज्याच्या बाजूने पाहू. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८ चा. २०१२ पर्यंत तो मुंबईच्या नावाने ओळखला जाई. त्यातील बाजारमूल्याची व्याख्या अशी की दस्त झाला त्या दिवशी खुल्या बाजारात मिळकतीला जी किंमत आली असती ती, किंवा दस्तात लिहिलेला मोबदला, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. हे मूल्य ठरविण्यासाठी दरवर्षी मूल्यदर तक्ते निघतात; लोक त्यांना रेडी रेकनर म्हणतात. म्हणून १५ लाखांच्या खरेदीखतावर मुद्रांक ४० लाखांचा लागतो. घेणारा मुलगा आहे म्हणून विक्रीच्या दस्तात सूट मिळत नाही.

विशेष हे की राज्याच्या स्वतःच्या नोंदीत हा भेद स्वच्छ दिसतो. नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. आमच्या दस्ताच्या सूचीत एकात १५ लाख आणि दुसऱ्यात ४० लाख असे आकडे शेजारी छापून आले. म्हणजे दस्त सांगतो की १५ लाख हीच बाजारभावाची किंमत, आणि त्या दस्ताचा अधिकृत गोषवारा सांगतो की बाजारभाव ४० लाख. मूळ लेखापेक्षा त्याचा सारांश अधिक प्रामाणिक असावा, असा हा विरळा प्रसंग म्हटला पाहिजे.

घरपट्टीचा प्रश्न पुष्कळ जण येथेच मिसळतात, म्हणून त्याचा निर्देश करतो. लोणंदला ग्रामपंचायत होती तेव्हा कराची नोंद नमुना ८ च्या उताऱ्यात असे. आता नगरपंचायत आहे. नगरपरिषदा व नगरपंचायती यांचा अधिनियम १९६५ चा असून, त्यातील मालमत्ता कराची जुनी बैठक वार्षिक भाडेमूल्याची आहे : घर भाड्याने दिल्यास वर्षाला काय यावे हे धरून त्यातून शेकडा १० वजा करावयाचे. बापाने मुलाला घर कितीला दिले याच्याशी या आकारणीचा संबंध नाही. नाव बदलते, पट्टी तीच राहते. एकाच घराला अशा रीतीने तीन मूल्ये लाभतात : घरपट्टीचे, मुद्रांकाचे आणि प्रत्यक्ष हाती आलेले. तिन्हींना आपण ‘घराची किंमत’च म्हणतो.

५

खरी अडचण प्राप्तिकरात येते. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात या विषयाच्या दोन तरतुदी परस्परांसमोर उभ्या आहेत. २०१७ पासून लागू झालेल्या ५६ व्या कलमाच्या तरतुदीप्रमाणे स्थावर मिळकत अपुऱ्या मोबदल्यात मिळाली तर फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. पण देणारा नातेवाईक असेल तर नाही, आणि नातेवाइकांच्या व्याख्येत आईबाप येतात. घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत कायद्याने नाते ओळखले. देणाऱ्याचे कलम ५० क, २००२ च्या वित्त अधिनियमाने आलेले. त्यानुसार मोबदला मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा कमी असेल तर मुद्रांकाचे मूल्य हाच पूर्ण मोबदला मानला जातो. लहान फरक सोडून देण्याची मर्यादा २०२० पासून शेकडा १० झाली आहे. नातेवाइकांना येथे अपवाद नाही. एकाच दस्तातील एकच नाते मुलाच्या विवरणपत्रात दिसते आणि बापाच्या विवरणपत्रात दिसेनासे होते. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन आलेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमाने भाषा सुटसुटीत केली. पण ही मांडणी तशीच ठेवली.

हिशेब मांडून पाहू. घराचे २००१ चे आधारमूल्य ५ लाख धरले, उपकर व अन्य सवलती बाजूला ठेवल्या. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने ४० लाखांतून ५ लाख वजा जाता ३५ लाख भांडवली नफा. शेकडा साडेबारा दराने कर ४,३७,५०० रुपये. महागाईचा निर्देशांक लावून शेकडा २० ची जुनी पद्धत घेतली, तर ३६३ या निर्देशांकाने आधारमूल्य १८,१५,००० होते, नफा २१,८५,००० आणि कर ४,३७,०००. दोन्ही वाटांनी हाती आलेल्या १५ लाखांतून जवळजवळ साडेचार लाख जातात. प्रत्यक्ष मोबदला धरला असता, तर दुसऱ्या पद्धतीने कर मुळीच लागला नसता, कारण १५ लाख हे निर्देशांकित आधारमूल्याहून कमी आहेत.

एवढ्याने संपत नाही. मुलाने उद्या घर विकले तर त्याचे आधारमूल्य त्याने दिलेले १५ लाखच राहते. वडिलांच्या हिशेबात मोजलेले २५ लाख त्याच्या हिशेबात पुन्हा नफा म्हणून मोजले जातात. उलट सारे घर बक्षीस दिले असते तर ४७ व्या कलमान्वये भांडवली नफ्याचा प्रश्न उद्भवला नसता, मुलाकडे वडिलांचेच आधारमूल्य आले असते. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर पतिपत्नी, मुलेमुली, नातवंडे व मृत मुलाची पत्नी यांना राहते घर बक्षीस देण्याचा मुद्रांक २०० रुपये ठरलेला आहे. पूर्ण दान करमुक्त, पूर्ण विक्री हाती आलेल्या रकमेपुरती करपात्र, आणि मधली वाट मात्र पूर्ण विक्रीइतकी करपात्र. ज्या मधल्या वाटेने आपली कुटुंबे चालतात, तीच सर्वांत महाग आहे.

६

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचा पूर्वीचा निवाडा भाषेच्या विद्यार्थ्याने वाचण्याजोगा आहे. केरळातील एर्नाकुलम येथे के. पी. वर्गीस यांनी १९५८ मध्ये १६,५०० रुपयांना घेतलेले घर २५ डिसेंबर १९६५ रोजी आपली सून व पाच अपत्ये यांना त्याच १६,५०० रुपयांना विकले. प्राप्तिकर अधिकाऱ्याने त्या दिवशीचे मूल्य ६५,००० धरले आणि ४८,५०० रुपयांच्या फरकावर कर मागितला. तेव्हाच्या ५२ व्या कलमाचे शब्द पाहिले तर अधिकाऱ्याचे वाचन अक्षरशः बरोबर होते : घोषित मोबदल्यापेक्षा वाजवी बाजारमूल्य शेकडा १५ किंवा अधिक जास्त असेल तर बाजारमूल्य धरावे.

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वाचन नाकारले. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाचा गाभा असा की जे उत्पन्न झालेच नाही त्यावर कर बसेल असा विपरीत परिणाम अक्षरार्थातून निघत असेल तर तो अर्थ सोडला पाहिजे. कलमातील ‘घोषित’ या विशेषणावर त्यांनी भर दिला. हे कलम मोबदला कमी दाखविणाऱ्यासाठी आहे, कमी घेणाऱ्यासाठी नव्हे. आणि कमी दाखविला हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. मराठीत हा भेद किती नेमका मांडता येतो! ‘कमी दाखविलेली किंमत’ आणि ‘कमी घेतलेली किंमत’. पहिली लबाडी, दुसरी माया. बाहेरून आकडा एकच असतो.

पुढे १९८८ पासून ५२ वे कलम गेले, आणि २००२ मध्ये ५० क आले ते ‘मानले जाईल’ या क्रियापदाच्या आधाराने. पूर्वी सरकारला काहीतरी सिद्ध करावे लागे. आता मानले की पुरते. मुद्रांकाचे मूल्य खऱ्या बाजारमूल्याहून अधिक आहे अशी तक्रार करून मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे जाता येते. पण ‘मूल्य बरोबर आहे, मी मुलाकडून तेवढे घेतले नाही’ हे म्हणणे ऐकण्यास तेथे जागा नाही.

या ठिकाणी सरकारपक्षाचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. स्थावराच्या व्यवहारात दस्तात एक आकडा व पिशवीत दुसरा, ही आपल्याकडील परिचित रीत होती. प्रत्येक प्रकरणी लबाडी सिद्ध करणे अशक्यप्राय होते, म्हणून कायद्याने ‘मानण्या’चा आश्रय घेतला. नातेवाइकांच्या आड लबाडी होत नाही, असेही कोणी म्हणू शकणार नाही. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच की या अविश्वासाला आपल्या मसुद्यांनीच खतपाणी घातले. जो साचा लबाडाकडून आणि मायाळू बापाकडून तेच ‘योग्य व वाजवी’ वाक्य लिहवून घेतो, त्याने दोघांतील फरक कागदावरून पुसून टाकला. मग दोघांना एकच माप लावल्याबद्दल कायद्याला सर्वस्वी दोष कसा द्यावा?

७

दुसरा मसुदा बक्षीसपत्राचा. ‘बक्षीस’ हा शब्द वरून खाली देण्याचा. आज तर तो स्पर्धेच्या पारितोषिकाला चिकटला आहे. ‘दान’ म्हणावे तर ते परक्या सत्पात्राला. पोटच्या पोराला कोणी दान करीत नाही. भावनेस शब्द अपुरा असला तरी बक्षीसपत्राची भाषा एका बाबतीत सरस आहे : ‘प्रेम व मायेपोटी’ हे कारण ती उघड सांगते. म्हणून पुष्कळ जण सल्ला देतात की बक्षीसपत्रच करा आणि पैसे मागाहून द्या. हा सल्ला त्याज्य होय. जेथे मोबदला ठरला आहे तेथे ‘विनामोबदला’ लिहिणे हे ‘वाजवी किंमत’ लिहिण्याइतकेच असत्य आहे. खरेदीखतात माया लपते, बक्षीसपत्रात पैसा लपतो.

मग खरे कसे लिहावे? व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ज्या कृतीत दोन क्रिया आहेत तिला दोन वाक्ये लागतात. वडिलांनी घराचा काही हिस्सा विकला आणि उरलेला दिला. १५ लाख हे ४० लाखांचे तीन अष्टमांश. तीन अष्टमांश अविभक्त हिस्सा पूर्ण बाजारमूल्याने विकला आणि पाच अष्टमांश बक्षीस दिला, असे दोन दस्त केले असते, तर त्यांतील प्रत्येक विधान खरे ठरले असते. भांडवली नफा विकलेल्या हिश्शापुरता मोजून कर, वरच्या दोन्ही पद्धतींनी, १,६४,००० च्या आसपास आला असता. हा कायद्याचा सल्ला नव्हे. प्रत्येक घराची कागदपत्रे वेगळी असतात, आणि वकिलाने व हिशेबनीसाने पारखल्याशिवाय अशा वाटेने जाऊ नये. भाषेच्या अभ्यासकाला यातून एवढेच दिसते की ‘नावावर करणे’ या एका संदिग्ध प्रयोगाची फोड करून ‘विकणे’ आणि ‘देणे’ ही दोन क्रियापदे वेगळी मांडली, की सत्य आणि सोय यांत पुष्कळदा विरोध उरत नाही.

८

कमी किमतीच्या दस्तात आणखी दोन गोष्टी अनुल्लेखित राहतात. पहिली गोष्ट बहिणींची. घर वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही त्यात जन्मसिद्ध हिस्सा आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्ये केली, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ निःसंदिग्ध केला. स्वकष्टार्जित घर बाप आपल्या मर्जीने देऊ शकतो; पण सोडलेली रक्कम उद्याच्या वारशातून वजा होते, हे बहिणींना कळते. ‘वाजवी किंमत’ या शब्दांनी त्यांच्यापासून ते लपविले जाते, आणि पुढे उघड होते तेव्हा रकमेपेक्षा शब्द अधिक बोचतात. आमच्या बहिणीने दस्त वाचून एवढेच विचारले, “वाजवी कोणासाठी?” तिची घराला हरकत नव्हती, वाक्याला होती.

दुसरी गोष्ट आईबापांच्या सांभाळाची. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा अधिनियम २००७ चा. त्याच्या २३ व्या कलमानुसार सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. पण अट कोठे आहे? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट होती हे दाखविलेच पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या प्रकरणी त्याच न्यायालयाने कलमाचा उदार अर्थ केला आणि आईने मुलाला दिलेले बक्षीस रद्द ठरविले. उदारतेवर विसंबण्यापेक्षा एक वाक्य लिहून ठेवणे बरे. आमच्या व्यवहारात सोडलेल्या २५ लाखांचे खरे कारण हा सांभाळ होता. दस्तात यावच्चंद्रदिवाकरौ उपभोगाची ग्वाही आहे, चतुःसीमा आहेत, विहिरीच्या पाण्याचा हक्कही आहे. आईवडील त्या घरात राहतील असे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

९

यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. करकायद्यात देणाऱ्या आईबापांचे नाते घेणाऱ्या मुलाप्रमाणेच ओळखले जावे, किंवा निदान एकच फरक दोन पिढ्यांच्या हिशेबात दोनदा मोजला जाऊ नये, ही पहिली. ती विधिमंडळांच्या हाती आहे. दुसरी आपल्या हाती आहे. मराठी विभागांनी दस्तलेखनाच्या साच्यांची चिकित्सा अभ्यासाचा विषय म्हणून हाती घ्यावी, आणि नातेवाइकांतील व्यवहारासाठी एका खऱ्या वाक्याचा मसुदा रूढ करावा. ते वाक्य असे असू शकेल : मिळकतीचे बाजारमूल्य अमुक आहे, लिहून घेणार हा लिहून देणार यांचा मुलगा असल्याने व त्यांचा सांभाळ करीत असल्याने मोबदला तमुक ठरला आहे. या वाक्याने आजच्या कायद्यात करात एका रुपयाचीही सूट मिळणार नाही. मात्र मुद्रांक अधिनियमाचे २८ वे कलम दस्तात जी खरी व पूर्ण हकिकत मागते, ती मिळेल. बहिणीला प्रश्न विचारावा लागणार नाही. आणि उद्या सांभाळाचा वाद उभा राहिला तर पुरावा शोधत फिरावे लागणार नाही.

वडिलांनी कर भरला. भावाने त्यांतील निम्मी रक्कम देऊ केली. ती घेतली तर हिशेबात काय म्हणून लिहावयाची, हा नवा प्रश्न वडिलांनी मला विचारला. मोबदला म्हणावे तर दस्त पुरा झालेला, बक्षीस म्हणावे तर मुलाने बापाला बक्षीस कसे द्यावे? मी त्यांना योग्य शब्द सुचवू शकलो नाही. त्यांनी वहीत तारीख घातली, रक्कम लिहिली आणि पुढे लिहिले, ‘घरातून आले.’